टॉप एष्टु?

"टॉप एष्टु, मगा?"

कोरमंगलातल्या एका दर्शनी हॉटेलापुढे, उभ्याने खाण्याच्या उंच स्टीलच्या टेबलापाशी हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. एष्टु म्हणजे किती. मगा म्हणजे मुलगा, पण बंगळुरात दोस्ताला हाक मारायची ती अशीच. रविवारची सकाळ होती, साडेआठ वाजले असतील. टेबलावर हेल्मेटं, हातमोजे, ताटलीएवढी थट्टे इडली आणि एका फिल्टर कॉफीचे दोन पेल्यांत केलेले अर्धे भाग. इथे त्याला 'बाय टू' म्हणतात. आठ जण पहाटे साडेचारला सोनी वर्ल्ड चौकातून निघून नंदी डोंगरावर जाऊन आले होते. नववी मी. माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, त्या आठांतला एक.

प्रश्न आला आणि पेंगुळलेलं टेबल जागं झालं. हुबळीच्या मुलाने ड्यूक ३९० वरचा आपला आकडा सांगितला, १६८. कुठे? चित्रदुर्गाच्या पुढे, टेकड्यांवर पवनचक्क्या दिसतात तिथे. त्रिशूरच्या मुलीचा इंटरसेप्टरवर १६४, होसूर ओलांडल्यावर कृष्णगिरीच्या वाटेला, पाऊस नुकताच थांबला होता. एकाची गाडी विजेची, अल्ट्राव्हायोलेटची एफ७७. याच शहरातल्या कंपनीने २०२२ मध्ये बाजारात आणलेली. त्याचे १५२. "आवाजच नसतो हो आंटी, नुसती हवा फाटल्यासारखी वाटते," असं तो मला हिंदीत म्हणाला. मागच्या पिढीतली आरएक्स १०० जपलेला एक जण होता. त्याने १०५ म्हटलं तेव्हा कुणीही हसलं नाही, उलट दोघांनी मान डोलावली. ९८ सीसीचं, ११ अश्वशक्तीचं ते इंजिन. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघालेली गाडी, आणि बंगळुरात अजून तिच्यासाठी लोक जीव टाकतात. त्यातून १०५ काढणं काय असतं हे त्या टेबलाला ठाऊक होतं. केस पिकलेल्या एका गृहस्थांनी शांतपणे २६८ सांगितले आणि लगेच जोडलं, "बुद्ध सर्किटवर. रस्त्यावर नाही."

भाच्याची पाळी आली. त्याने स्वतःचा आकडा सांगितलाच नाही.

"माझ्या बाबांचे ११८," तो म्हणाला. "येझदीवर. कोल्हापूर-कागल रोड, १९८९."

"येझदीवर ११८?" आरएक्सवाल्याने पेला खाली ठेवला.

"आत्या मागे बसली होती. विचारा तिला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. जी द्यायला सहाशे किलोमीटर गाडी चालवत आले होते ती वस्तू जाकिटाच्या आतल्या खिशात होती, आणि त्या क्षणी तिच्याकडे माझा हात जाईना.

दादा २०२१ च्या मे महिन्यात कोविडने गेला. त्याचं कपाट आवरायला वहिनीला साडेतीन वर्षं लागली. गेल्या दिवाळीनंतर तिने एक रुमालाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. आत एचएमटीचं जनता घड्याळ होतं, चावीचं, काचेवर आडवा ओरखडा असलेलं. "हे बाळाला तुम्ही नेऊन द्या," म्हणाली, "तुमच्या हातानेच द्या." एवढंच. तिला त्यामागचं किती ठाऊक होतं हे मी विचारलं नाही. घड्याळ बंगळुरातच जन्मलेलं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटीझनच्या मदतीने तिथे कारखाना काढला होता, आणि आमच्या पिढीत दहावी-बारावीला पास झालेल्या मुलाच्या मनगटावर जे घड्याळ यायचं ते बहुतेक याच घरचं. ज्या येझदीवर ते घड्याळ चढलं तीही कर्नाटकातलीच. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा निघायच्या. १९७३ पासून त्यांचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. कोल्हापुरात बसून आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या लेखी येझदी उद्यमनगरातल्या फिटरच्या हातची आणि घड्याळ महाद्वार रोडवरच्या दुकानातलं.

कुरिअरने पाठवण्यासारखी ती वस्तू नव्हती. मी रजा टाकली आणि जानेवारीतल्या एका पहाटे माझी मीटिअर काढली.

कोल्हापूर सोडलं की पहिल्या अर्ध्या तासातच तो रस्ता लागतो. गोकुळ शिरगाव, कणेरी, मग कागल. १९८९ मध्ये तो राष्ट्रीय महामार्ग ४ होता, दुपदरी, दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि दर किलोमीटरला पिवळ्या डोक्याचा दगड. आज त्याचा क्रमांक ४८ आहे, आणि सहापदरीकरणाच्या कामात त्याचा चेहरा पार पालटला आहे. फडांमधून येणारा धूर मात्र तसाच. जानेवारीत कोल्हापूरची हवा गोड असते, हे गावाबाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. मी काच वर करून तो वास घेतला आणि थांबले नाही.

निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट, मग संकेश्वर, बेळगाव. मी ८० च्या वर गेले नाही. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कायद्याने तेवढीच मर्यादा आहे, २०१८ च्या अधिसूचनेपासून. माझ्या गाडीची ताकद २० अश्वशक्ती. ती ११० पर्यंत जाते, पण त्या वेगाला आरसे थरथरतात आणि मागचं काही दिसत नाही. ८० ला आरशात ट्रक ओळखू येतो, कडेच्या शेतात मिरच्या वाळत टाकल्यात की मका हेही कळतं. धारवाड ओलांडलं की माती काळी होते, हावेरी-राणेबेन्नूरकडे सपाट, लांबलचक रान, आणि हरिहरला तुंगभद्रा. साडेतीनशे किलोमीटर झाल्यावर दावणगेरेला मुक्काम केला. बेण्णे डोशावरचं लोणी वितळायच्या आत खाल्लं आणि नऊला झोपले.

दुसऱ्या दिवशी महामार्ग सोडून आत वळले. संतेबेन्नूर, मग चन्नगिरीच्या बाजूला, सुपारीच्या बागांमधून. होदिगेरे नावाचं गाव आहे. तिथे शहाजीराजांची समाधी आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हा इतिहास शाळेत एका ओळीत भेटतो आणि पुढे हरवतो. १६३८ नंतर बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. आदिलशाहीसाठी त्यांनी दक्षिणेतल्या मोहिमा केल्या आणि शेवटच्या मोहिमेत ते तुंगभद्रेच्या या मुलखात आले. २३ जानेवारी १६६४. शिकारीच्या मागे घोडा भरधाव सोडला होता, त्याचा पाय अडकला आणि राजे खाली आले. साठी ओलांडलेला माणूस, उभं आयुष्य खोगिरावर काढलेला. समाधी साधी दगडी आहे. मी गेले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. एक म्हातारी शेळ्या घेऊन गेली, तिने माझ्या हेल्मेटकडे बघितलं आणि हात जोडले, मला की समाधीला ते कळलं नाही.

किती वेग असेल त्या घोड्याचा? चांगला घोडा मोकळ्या रानात ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर धावतो. आज स्कूटरवर भाजी आणायला जाणारा माणूसही तो वेग गाठतो. आपण घोडा फेकला, रपेट मारली, टापा उडवल्या असं म्हणतो. मराठीत वेगाचे निम्मे शब्द घोड्यावरून आले आहेत आणि त्यांत कुठे आकडा नाही. घोड्याला काटा नव्हता. त्या दगडापाशी उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की दादाच्या त्या ११८ बद्दल मी जे लपवलं आहे ते आता सांगून टाकावं.

बंगळूर आलं ते संध्याकाळी. गोरगुंटेपाळ्यापासून कोरमंगलापर्यंतचं अंतर वीसेक किलोमीटरही नाही. मला पावणेदोन तास लागले. टॉमटॉमच्या वाहतूक निर्देशांकात २०२३ मध्ये या शहरात १० किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटं १० सेकंद लागतात असं नोंदवलं होतं, म्हणजे ताशी २१ किलोमीटर. मला तेवढेही मिळाले नाहीत. शेवटच्या टप्प्यात ईजिपुराच्या उड्डाणपुलाच्या खांबांमधून गेले. २०१७ मध्ये काम सुरू झालेला तो पूल वर्षानुवर्षं अर्धवट उभा राहिला, आणि त्याखालून पहिल्या गिअरमध्ये सरकताना मला या शहरातल्या मुलांची दया आली.

कोरमंगला मात्र आत शिरल्यावर वेगळंच निघालं. ब्लॉकांचे आकडे, त्यांच्या आत मोठाल्या झाडांखालचे शांत रस्ते, कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी, आणि त्याच गल्लीत तळमजल्यावर कुठल्या तरी नव्या कंपनीची पाटी. फ्लिपकार्टची सुरुवात २००७ मध्ये याच वस्तीतल्या एका घरातून झाली. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या क्रीडाग्रामाच्या इमारती इथेच आहेत. रात्री जेवताना भाचा म्हणाला, "आत्या, आठवडाभर दुसऱ्या गिअरच्या वर जायला मिळत नाही. म्हणून रविवार." त्याचे सगळे मित्र हेच कारण देतात. मला ते पटत नाही. १९८९ मध्ये कोल्हापूरचे रस्ते दुपारी झोपलेले असायचे, दादाला कुणी अडवत नव्हतं, तरी त्याला वेड होतंच. गावात हिंडताना बुंगाट जायचा आणि आईची बोलणी खायचा. कोंडी वेगाची भूक वाढवत असेल, पण ती भूक कोंडीतून जन्मत नाही.

पहाटे आम्ही निघालो. सोनीच्या दुकानावरून नाव पडलेल्या त्या चौकात आठ हेडलाइट गोळा झाले. हेब्बाळ, येलहंका, देवनहळ्ळी. विमानतळाचा रस्ता आडवा-उभा मोकळा पडलेला. मला वाटलं आता ही मुलं सुटणार. पण नंदीपर्यंत कुणीही माझ्या पुढे गेलं नाही. भाच्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की आत्या ८० ने येणार, आणि तेवढ्याने ती मुलं दोनदोनच्या रांगेत माझ्यामागे आली. नंदीचा डोंगर १,४७८ मीटरचा आहे. वर पोचलो तेव्हा धुकं पायाखाली होतं आणि कठड्याशी इतकी गर्दी की सूर्य कुणाच्या तरी खांद्यावरून बघावा लागला. ते सगळं मी इथे लिहीत नाही. माझं मन खाली, त्या टेबलाकडे लागलं होतं, जरी ते टेबल तेव्हा मला माहीत नव्हतं.

तर ते टेबल. सगळ्यांचे आकडे सांगून झाले आणि मग खरी गंमत सुरू झाली. त्रिशूरच्या मुलीने हुबळीच्या मुलाला विचारलं, "काट्यावर की जीपीएसवर?" तो गप्प. काट्यावर. मग तिने १६८ मधून सरळ दहा वजा केले आणि त्याने ते मान्य केलं. मला हे नवीन होतं. भाच्याने समजावलं: गाडीचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये असा नियम असतो, जास्त दाखवला तर थोडी मुभा असते. म्हणून कंपन्या तो मुद्दाम चढाच ठेवतात. टायर झिजला की फरक आणखी वाढतो. म्हणजे मोटरसायकलवाल्याने सांगितलेला जवळजवळ प्रत्येक आकडा खोटं न बोलताही थोडा फुगलेला असतो.

दुसरी गोष्ट हवेची. ती मला पिकल्या केसांच्या गृहस्थांनी पेल्याने टेबलावर गोल काढून सांगितली. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. आरएक्स १०० अकरा अश्वशक्तीत १०० गाठते. मग ३०० गाठायला तिप्पट पुरेल का? तिनाचा घन सत्तावीस, म्हणजे तीनशेच्या आसपास अश्वशक्ती लागायला हवी. १९९९ मध्ये आलेल्या सुझुकी हायाबुसाने १७३ मध्ये ते साधलं, कारण तिचं अंग हवेसाठी घडवलेलं होतं. हायाबुसा म्हणजे जपानीत बहिरी ससाणा, जो भक्ष्यावर सूर मारताना ताशी ३०० च्या वर जातो. तिच्यानंतर युरोपात बंदीची चर्चा सुरू झाली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी आपसात ठरवून गाड्या ३०० ला रोखल्या. त्यामुळे कित्येक गाड्यांचा आकडा २९९ पाशी थांबतो. "माणसाची ताकद संपली म्हणून नाही," ते म्हणाले, "शब्द दिला म्हणून."

मग त्यांनी न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोची हकिकत सांगितली. १९२० सालची इंडियन स्काउट घेऊन हा माणूस अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर जायचा. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने आपल्या गटातला विक्रम केला. विक्रम धरायची रीत अशी की एकदा जायचं, एकदा यायचं, आणि दोन्हींची सरासरी काढायची, म्हणजे वाऱ्याने दिलेलं वाऱ्याला परत जातं. मन्रोच्या त्या सरासरीच्या गणितात चूक राहिली होती. ती २०१४ मध्ये दुरुस्त झाली, तो वारल्याला ३६ वर्षं झाल्यावर. ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे २९६ किलोमीटर. एका मेलेल्या माणसाचा आकडा अर्ध्या मैलाने वाढला आणि ते करायला कुणीतरी बसलं, हे ऐकताना माझ्या पोटात काहीतरी हललं.

टेबलाच्या कडेला एक मुलगा होता, सातारचा. त्याने अजून काही सांगितलं नव्हतं. नंदीवर चढताना तो उजवा पाय किंचित ओढत होता. कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाला, "माझा आकडा मला माहीत नाही. मी बघितलाच नाही. बघायला खाली मान घातली असती तर आज इथे नसतो." त्याच्या मांडीत सळई आहे. तुमकूर रोडवर पुढच्या ट्रकचं मागचं दार उघडं होतं. तो पुढे बोलला नाही आणि कुणी विचारलं नाही.

मी मनात हिशोब केला. ताशी १६० म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. काट्याकडे एक नजर टाकायची तर निदान एक सेकंद. तेवढ्यात डोळे मिटून ४४ मीटर जायचं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची. हे आकडे मला पाठ आहेत, कारण मी दरवर्षी कॉलेजात मुलांना हेल्मेट घालून येण्याबद्दल बोलते आणि दरवर्षी एखादा बाक रिकामा होतो. तेव्हा मी त्या आठांना एकच विचारलं: "तो आकडा गाठल्यावर थांबायला किती जागा लागली?"

फक्त पिकल्या केसांच्या गृहस्थांना उत्तर होतं. सर्किटवर सरळ रस्ता संपण्याआधी कडेला पाट्या असतात, किती मीटर उरले ते सांगणाऱ्या. कुठल्या पाटीला ब्रेक धरला हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि चुकलंच तर वाळूचा पट्टा असतो, डॉक्टर असतो, झेंडा हलवणारा असतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच मार्गावर मोटोजीपी झाली होती, तेव्हा हे गृहस्थ प्रेक्षकांत बसून त्या पाट्याच बघत होते. माझ्या मते त्या टेबलावरचा तो एकच आकडा पुरा होता. बाकीच्यांना सुरुवात होती, शेवट नव्हता. मी तसं बोलून दाखवलं. मुलांना ते आवडलं नसेल, पण त्रिशूरच्या मुलीने मोबाइलमध्ये चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकची माहिती काढून शेजाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. बंगळूर शर्यतीला परकं नाही. डकार रॅली पुरी करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष इथलाच, २०१५ चा. २०१९ मध्ये बाहा प्रकारातला महिलांचा विश्वकरंडक जिंकणारी ऐश्वर्या पिसे इथलीच.

संध्याकाळी भाच्याच्या गॅलरीत मी पुरचुंडी सोडली. खाली रस्त्यावर दिवे लागले होते आणि गाड्यांची रांग जागच्या जागी होती. घड्याळ बघून तो बराच वेळ काही बोलला नाही.

"याच्यावरच मोजलं होतं ना?"

"हो. तुला बाबांनी कसं सांगितलं होतं?"

त्याला सगळं पाठ होतं. मीटरची केबल तुटलेली, काटा वर्षभर शून्यावर. म्हणून बाबांनी वहीत कोष्टक केलं होतं: दोन दगडांमधलं अंतर छत्तीस सेकंदांत गेलं तर १००, तेहेतीस लागले तर १०९, तीस लागले तर १२०. तेरा वर्षांची आत्या मागे, हातात घड्याळ. पहिल्या दगडाला ती ओरडली, "आता!" दुसऱ्याला म्हणाली, "साडेतीस!" गुणाकार-भागाकार केला तर ११८.

"बरोबर," मी म्हटलं. "फक्त दुसरा दगड मी बघितला नाही."

तो वळला.

"पहिल्या दगडाला सेकंदकाटा बारावर होता. ते खरं. त्यानंतर दादा टाकीवर झोपला, वारा थेट माझ्या तोंडावर आला आणि मी डोळे मिटले. कपाळ त्याच्या पाठीला लावलं. उघडले तेव्हा दगड मागे गेला होता. किती मागे, देव जाणे. काटा सातच्या पुढे होता. दादा ओरडत होता, किती, किती? त्याला तीस हवे होते हे मला माहीत होतं. नुसतं तीस म्हटलं असतं तर त्याला शंका आली असती. म्हणून मी साडेतीस म्हटलं."

छत्तीस वर्षं हे वाक्य माझ्यापाशी होतं. लग्नात, बारशात, दिवाळीच्या फराळाला दादाने तो आकडा सांगितला की दर वेळी माझ्याकडे हात करून म्हणायचा, ही मागे बसली होती. आणि मी दर वेळी मान हलवली. शंभर असेल. पंचाण्णवही असेल. माझा अंगठा काचेवर इतका दाबला गेला होता की अंगठीचा ओरखडा त्यावर राहिला, तो अजून आहे.

भाचा रागावला नाही. त्याने घड्याळाची चावी हळूहळू फिरवली, कान लावला. ते सुरू झालं. काही वेळ आम्ही दोघं सेकंदकाटा फिरताना बघत होतो. एक अख्खं मिनिट फार लांब असतं.

"आणि येताना?" त्याने विचारलं. "जाऊन-येऊन मोजतात ना? येताना किती?"

येताना दादाने मोजायला सांगितलंच नाही. कागलच्या अलीकडे त्याने येझदी वळवली, ज्या दांड्याने किक मारायची त्याच दांड्याने गिअर टाकला आणि तीस-चाळीसने निघाला. दोन्ही सायलेन्सर फडफडत होते. कणेरीजवळ रस्त्याकडेला गुऱ्हाळ चालू होतं. त्याने गाडी स्टँडला लावली, मला उतरवलं, माझे गुडघे थरथरत होते ते बघितलं आणि काही बोलला नाही. काहिलीपाशी जाऊन त्याने उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून आणला. "फुंकून खा," म्हणाला. मी फुंकून खाल्ला. घड्याळ माझ्या हातातच होतं, त्याच्या पट्ट्याला गूळ लागला, आणि घरी पोचेपर्यंत मुंग्या आल्या.

भाच्याने पट्टा नाकाशी नेला.